सुपरकंडक्टरच्या आत काय चाललंय हे आवाजाने कसं कळतं?

माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून बघतो. आवाज खणखणीत असेल तर घ्यायचा, बद्द असेल तर कुठेतरी तडा आहे. सुपरकंडक्टर तपासताना शास्त्रज्ञ जवळपास हेच करतात. फक्त त्यांचा 'माठ' म्हणजे एक छोटासा स्फटिक, आणि आवाज कानाला ऐकू न येणारा अल्ट्रासाऊंड.

सुपरकंडक्टरमध्ये ठरावीक तापमानाखाली इलेक्ट्रॉन जोड्या करून फिरतात, म्हणून विजेला विरोधच उरत नाही. शिसं, ॲल्युमिनियम यांच्यात या जोड्या कशा जमतात हे १९५७ पासून माहीत आहे. त्या नियमात न बसणाऱ्यांना 'अनकन्व्हेन्शनल' म्हणतात.

त्यातलाच एक स्ट्रॉन्शियम रुथेनेट. १९९४ मध्ये जपानच्या योशितेरू माएनो यांच्या गटाने तो सुपरकंडक्टर असल्याचं दाखवलं, पण साधारण १.५ केल्विनखाली, म्हणजे उणे २७१ अंशांहून थंड! १९९८ च्या एका प्रयोगावरून वाटलं, की यातल्या जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच दिशेचा स्पिन घेऊन चालतात. वीस वर्षं पुस्तकांत तेच. मग २०१९ मध्ये कळलं, की मोजणीसाठी सोडलेल्या रेडिओ लहरींनीच नमुना तापत होता! तो प्रश्न पुन्हा उघडा पडला.

इथे आवाज कामी आला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ब्रॅड रॅमशॉ यांच्या गटाने स्फटिक दोन ट्रान्सड्यूसरमध्ये अलगद धरला आणि वारंवारता बदलत तो कधी घुमतो ते टिपलं. त्यावरून पदार्थ किती कडक आहे हे कळतं. दाबल्यावरचा कडकपणा कुठल्याही सुपरकंडक्टरमध्ये अचानक बदलू शकतो, त्यात विशेष नाही. खरी गंमत तिरकं होण्यात आहे, जुन्या खाटेची चौकट कलते तसं. जोड्यांची अवस्था एकाच घटकाची असेल तर डावीकडे कललं काय नि उजवीकडे काय, तिला सारखंच. त्यामुळे हा कडकपणा एकदम उडी घेऊ शकत नाही. पण उडी दिसली. अगदी बारीक, पण दिसली. म्हणजे अवस्थेला दोन घटक हवेत. फ्रान्समधल्या एका गटालाही वेगळ्या अल्ट्रासाऊंड पद्धतीने तेच दिसलं. दोन्ही निबंध 'नेचर फिजिक्स'मध्ये आले.

मग प्रश्न सुटला? नाही ना. दोन घटक असतील तर स्फटिक एका बाजूने दाबल्यावर संक्रमणाचे दोन टप्पे वेगळे व्हायला हवेत. उष्णता मोजणाऱ्या प्रयोगांत दुसरा टप्पा काही सापडला नाही.