हिमावरण, सागरी बर्फ व मोसमी पावसाचे पूर्वानुमान

पृथ्वीच्या एका भागातील हिम, सागरपृष्ठाचे तापमान, वातावरणीय दाब इ. घटकांवरून दूरच्या दुसऱ्या भागातील आगामी ऋतूच्या हवामानाचा काही आठवडे वा महिने अगोदर जो अंदाज बांधला जातो, त्यास दीर्घ पल्ल्याचे पूर्वानुमान म्हणतात. भारतात या शास्त्राचा उगम हिमालयावरील हिमाच्या निरीक्षणांतून झाला. आज मोसमी पावसासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिमानांत आर्क्टिक महासागरावरील बर्फाचीही गणना होते.

या पूर्वानुमानाचे महत्त्व भातशेतीच्या प्रदेशांत विशेष जाणवते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके असून तेथे वर्षाकाठी २०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उन्हाळ्यात राब भाजून, रोहिणी वा मृग नक्षत्रात पेरणी करून रोपे तयार करतात. आर्द्रा–पुनर्वसूत लावणी होते आणि हळव्या भाताची कापणी सप्टेंबरअखेरीस वा ऑक्टोबरात येते. रोपे उगवल्यावर पावसाने ओढ दिली, तर ती करपतात. कापणीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला, तर पीक आडवे होऊन दाणा शेतातच रुजतो. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा या जलाशयांतून मुंबईला पाणी मिळत असल्याने या पट्ट्यातील पावसाची चिंता केवळ शेतकऱ्यांपुरती मर्यादित नाही.

प्रारंभीचे प्रयत्न : भारतीय वातावरणवैज्ञानिक खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. पाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ पडला व पावसाचा अंदाज आधी मिळावा अशी निकड सरकारला भासू लागली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड (१८३४–९३) यांनी हिमालयावर हिमवृष्टी अधिक झाल्यास पुढील मोसमी पाऊस कमी पडतो, असा संबंध १८८४ मध्ये मांडला. हिमाच्छादित भूमी सूर्यकिरणे परावर्तित करते, हिम वितळविण्यात उष्णता खर्ची पडते आणि भूखंड उशिरा तापतो, अशी त्यामागील कारणमीमांसा आहे. ४ जून १८८६ रोजी पहिले नियमित पूर्वानुमान प्रसिद्ध झाले. त्यांचे उत्तराधिकारी सर जॉन एलियट (१८३९–१९०८) यांनी त्यास हिंदी महासागर व ऑस्ट्रेलिया येथील परिस्थितीची जोड दिली. तथापि १८९९ मध्ये चांगल्या पावसाचे भाकीत केले असता तीव्र अवर्षण पडले. त्यानंतर काही वर्षे ही पूर्वानुमाने गोपनीय ठेवण्यात आली.

वॉकर व सांख्यिकीय पद्धती : १९०४–२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेले गणितज्ञ सर गिल्बर्ट वॉकर (१८६८–१९५८) यांनी अनुभवजन्य ठोकताळ्यांऐवजी सहसंबंधांचे गणित वापरले. १९०९ च्या त्यांच्या सूत्रात हिमालयातील हिमसंचय, मॉरिशस व दक्षिण अमेरिका येथील वातावरणीय दाब आणि झांझिबारचा पाऊस असे चार घटक होते. याच शोधातून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील दाबाच्या हेलकाव्यांचा, म्हणजे दक्षिणी आंदोलनाचा शोध लागला. त्याचा पॅसिफिकमधील ‘एल् निनो’ या तापमानवाढीशी असलेला संबंध याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये स्पष्ट केला.

पुण्यातील कार्य : खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीला गेले, तरी संशोधनाची परंपरा पुण्यात टिकली. १९३२ मध्ये येथे कृषिवातावरणविज्ञानाचा विभाग सुरू झाला आणि १९६२ मध्ये आजच्या भारतीय उष्णदेशीय वातावरणविज्ञान संस्थेची स्थापना झाली. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर (१९३३–२०१५) यांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे सांख्यिकीय प्रतिमान १९८८ पासून वापरात आले. हिमालय व यूरेशिया यांवरील हिमावरण हे त्यांतील घटक होते. २००१ पर्यंत देशव्यापी अवर्षण पडले नाही व प्रतिमानाची प्रतिष्ठा वाढली. २००२ मध्ये मात्र सर्वसाधारण पाऊस अपेक्षित असता जुलैत सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला आणि हंगामाची तूट १९ टक्के भरली. २००४ व २००९ मध्येही अवर्षणाची तीव्रता आधी कळली नाही. गतकालातील सहसंबंध काळाच्या ओघात क्षीण होतात, हे सांख्यिकीय पद्धतीचे मूलभूत वैगुण्य यातून उघड झाले.

गतिकीय प्रतिमाने : या पद्धतीत वातावरण, सागर, भूपृष्ठ व सागरी बर्फ यांचे व्यवहार भौतिकीच्या समीकरणांनी मांडून संगणकाने सोडवितात. वातावरण व महासागर यांची सांगड घालणारे पहिले प्रतिमान स्यूकुरो मानाबे व कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये मांडले. भारतात २०१२ मध्ये मॉन्सून मिशन सुरू झाले व एका अमेरिकन प्रतिमानात पुण्यात सुधारणा करण्यात आल्या. त्याच्या आधारे पुण्याच्या संस्थेने पुढे पृथ्वीप्रणाली प्रतिमान विकसित केले. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही ध्रुवांकडील सागरी बर्फाचे वितरण अधिक वास्तव दिसू लागले.

खारे पाणी सु. –१.८° से. तापमानास गोठून सागरी बर्फ बनते. त्यावरील ताजे हिम चार-पंचमांशाहून अधिक प्रकाश परावर्तित करते, तर उघडा सागर बहुतेक प्रकाश शोषून घेतो. बर्फ घटले की सागर तापतो व तापलेला सागर आणखी बर्फ वितळवितो. आर्क्टिकमधील सप्टेंबरचे किमान बर्फक्षेत्र १९७९ च्या सुमारास ७० लाख चौ. किमी. होते, २०१२ मध्ये ते सु. ३४ लाख चौ. किमी.पर्यंत उतरले. या बर्फाच्या पूर्वानुमानास बर्फाची जाडी ठाऊक असावी लागते. वसंत ऋतूपूर्वी केलेले अंदाज फारसे विश्वसनीय ठरत नाहीत. मोसमी पावसाच्या अंदाजाप्रमाणेच येथेही प्रारंभीच्या स्थितीतील अल्प त्रुटी पुढे वाढत जाते.

गोव्यातील वास्को-द-गामा येथे ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. भारताचे ‘हिमाद्री’ हे आर्क्टिक स्थानक २००८ मध्ये स्वालबार येथे सुरू झाले आणि २०१४ मध्ये तेथील काँग्सफ्योर्डमध्ये निरीक्षणयंत्रे नांगरून ठेवण्यात आली. कारा समुद्रावरील उन्हाळी बर्फाची घट व भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांत संबंध असावा, असे या केंद्रातील वैज्ञानिकांनी २०२१ मध्ये सुचविले. हा संबंध दृढ झाल्यास हळव्या भाताच्या कापणीच्या दृष्टीने तो महत्त्वाचा ठरेल.

मर्यादा : देशाच्या हंगामी पावसाची १९७१–२०२० या काळाची सरासरी ८७ सेंमी. आहे व हंगामी पूर्वानुमान मुख्यतः त्या प्रमाणात दिले जाते. ते खरे ठरले, तरी लावणीनंतर पावसात किती दिवस खंड पडेल, हे त्यावरून कळत नाही. हंगामी प्रतिमानांतील चौकटीची बाजू सु. ३८ किमी. असल्याने माळशेज घाटाचा कडा व खालची मुरबाडची खाचरे एकाच चौकटीत सामावू शकतात. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या पावसात मोठी तफावत असते. मे २०२५ मध्ये सु. ६ किमी. चौकटीचे भारतीय प्रतिमान कार्यान्वित झाले. ते काही दिवसांच्या अंदाजासाठी आहे. म्हणून धान्यसाठा व जलाशयांचे नियोजन यांसाठी हंगामी, तर पेरणी, लावणी व कापणी यांसाठी अल्प मुदतीचे पूर्वानुमान उपयुक्त असते. दोहोंचा आधार अखेरीस निरीक्षणे हाच असून तालुक्याच्या पर्जन्यमापकावरील नित्य नोंदीचे मोल ध्रुवप्रदेशातील यंत्रांच्या नोंदीहून कमी नाही.