'किन्ही राजा'मधला राजा कुठे राहतो?

१/ वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजा हे गाव कुणी 'किन्ही राजा' असे तोडून लिहिले, तरी वाचणाऱ्याचे काही अडत नाही. सी भाषेतील साध्या प्रोग्रामचे मात्र अडते. तो 'किन्ही' एवढेच गाव समजतो आणि 'राजा' पुढच्या रकान्यात, गट क्रमांकाच्या जागी, जाऊन उभा राहतो. असे का घडते, याचा हा धागा.

२/ डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये सी घडवली. त्या काळी टेलिटाइपवर टंकलेली ओळ एंटर दाबल्यावरच प्रोग्रामकडे जाई, तीही चिन्हांची रांग म्हणून. त्या रांगेत अक्षर आणि अंक असा भेद नसतो.

३/ रांगेतून हवे ते वेचण्याचे काम 'स्कॅनएफ' करते. शब्द मागितला तर ते मोकळ्या जागेपाशी थांबते, संख्या मागितली तर पहिल्या परक्या चिन्हापाशी. उरलेले सारे रांगेतच राहते, एंटरसुद्धा. म्हणून आधी वय आणि मग नावाची ओळ मागितली, की नाव रिकामे येते.

४/ अख्खी ओळ घेणारे 'गेट्स' होते. पण ते लांबी पाहत नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने 'फिंगर' सेवेतील ५१२ बाइटांच्या जागेत जास्त मजकूर कोंबून संगणक ताब्यात घेतले. अखेर २०११च्या प्रमाणकातून 'गेट्स' वगळले गेले.

५/ मराठीची अडचण आणखी वेगळी. १९९१च्या 'इस्की' या भारतीय मानकात आणि पुढे युनिकोडमध्ये देवनागरी अंकांना स्वतंत्र संकेत आहेत. 'स्कॅनएफ' मात्र एरवी इंग्रजी अंकच ओळखते. '४५' देवनागरीत टंकले, तर ते रिकाम्या हाताने परतते.

६/ आता सातबारा आठवा. '४५/२अ' आणि '४५/२ब' हे इंग्रजी अंकांत टंकले, तरी संख्या मागणारा प्रोग्राम दोन्ही वेळा ४५ घेऊन थांबेल. दोन वेगळ्या जमिनी एकाच आकड्याखाली येतील. ज्याची बेरीज करायची नाही, तो क्रमांक मजकूर म्हणूनच जपावा.

७/ उपाय जुनाच आहे. 'एफगेट्स'ने लांबीची मर्यादा घालून पूर्ण ओळ घ्यावी. मग 'स्ट्रटोल'ने संख्या काढावी आणि ती कुठे थांबली, हे तपासावे. दप्तरातील कागदालाही आम्ही हाच नियम लावतो: आधी ओळ पूर्ण वाचायची, मग आकडा टिपायचा.