कोल्हापूर प्रकरण व मराठी पत्रव्यवसायाचे आत्मनिरीक्षण

मराठी पत्रकारांनी राज्यकर्त्यांवर विपुल लिहिले. स्वतःच्या व्यवसायाविषयी मात्र क्वचितच. या दृष्टीने गोपाळ गणेश आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक महत्त्वाचे ठरते. त्याचे मूळ कोल्हापूर संस्थानात आहे. चौथ्या शिवाजी छत्रपतींचा छळ होत असल्याचा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी केला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध पत्रांचा आधार घेतला. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. १७ जुलै १८८२ रोजी टिळक व आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. २६ ऑक्टोबरला सुटका.

हेतू शुद्ध होता हे मान्य केले, तरी न पडताळलेला पुरावा छापण्याचा दोष त्यामुळे पुसला जात नाही. त्यांच्या धैर्याच्या गौरवात हा दोष सहसा झाकला जातो. तथापि संपादकांची मूळ चिंता निराधार नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी छत्रपतींचा अहमदनगर येथे नजरकैदेत मृत्यू झाला. संस्थानाचे रीजंट त्या वेळी कागलचे जयसिंगराव घाटगे होते. त्यांचेच पुत्र यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी शाहू या नावाने कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले.