दार उघडल्यानंतर

डॉ. कमला सोहोनी यांची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. कमला भागवत (दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी) १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या आणि त्यांनी बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. वडील आणि काका, दोघेही तिथेच शिकलेले. पण संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाई थेट बंगलोरला जाऊन हटून बसल्या आणि प्रवेश मिळवला. गोष्ट बहुधा इथेच संपते.

आपण जरा पुढे जाऊ. हा प्रवेश अटींवर होता. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नव्हत्या. त्या वर्षाचे काम रामन यांना पसंत पडले तरच मान्य व्हायचे. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत थांबायचे. आणि आपल्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यायचे नाही! म्हणजे ते कोणामुळे बिघडेल हे आधीच ठरलेले होते.

श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. दरम्यान रामन यांचे मत बदलले आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवले, की पेशींच्या श्वसनाला लागणारे 'सायटोक्रोम सी' वनस्पतींमध्येही असते. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. सोबतच्यांचे जाडजूड ग्रंथ पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे.

१९३९ मध्ये त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तिथे कडधान्ये आणि नीरा यांवर त्यांनी मोठे काम केले. नीरेच्या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. तरीही संस्थेचे संचालकपद अंतर्गत राजकारणापायी सुमारे चार वर्षे त्यांच्यापासून दूर राहिले. १९३३ चा नकार निदान तोंडावर दिलेला होता, त्याच्याशी भांडता आले. बढती रेंगाळते तेव्हा भांडायचे कोणाशी?

कधी कधी आड येतो तो साधा नियम. ॲना मणी १९४० ते १९४५ या काळात रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या वर्णपटांचा अभ्यास करत होत्या. एकेका छायाचित्राला पंधरा-वीस तास लागत, तेव्हा त्या तिथेच झोपत. पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, प्रबंधही तयार झाला. एम.एस्सी. नाही, म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, भारतीय बनावटीची उपकरणे घडवली आणि १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. तो प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात पदवी मिळालेल्या इतर प्रबंधांच्या शेजारीच राहिला.