पिंपरीची माती आणि मांजराचा कान

थेरगावातून पवना ओलांडली की चिंचवड लागते आणि त्याला लागूनच पिंपरी. या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ पाठवले आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आसपासच्या गावांत ती ‘एच.ए. कंपनी’ म्हणूनच ओळखली गेली. जुनाट आजाराने खंगलेल्या मांजराचा कान बरा करण्याशी या कारखान्याचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. तो संबंध मातीतून जातो.

पेनिसिलिन जिवाणूंची पेशीभित्तिका बांधू देत नाही. बुरशीची भित्तिका वेगळ्या द्रव्यांची असल्यामुळे तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही. उलट जिवाणू मेले की त्यांच्या मोकळ्या जागेवर बुरशी फोफावते. तेव्हा बुरशीवर चालणारी औषधे हवी होती. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी १९५० मध्ये मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून निस्टॅटिन मिळवले आणि त्याला आपल्या राज्याचे नाव दिले. (पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास मुख्यतः याच घराण्यातल्या जिवाणूंची देणगी आहे, हे वर्गात सांगायला हरकत नाही.)

पिंपरीतही कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी माती चाळत होते. त्यांना एक नवा स्ट्रेप्टोमायसिस सापडला. त्याचे शास्त्रीय नाव त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे ठेवले. त्याच्यापासून मिळालेल्या द्रव्याची, म्हणजे हॅमायसीनची, माहिती १९६१ मध्ये कंपनीच्याच संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाली. एका औद्योगिक वसाहतीचे नाव जीवशास्त्रात असे कायमचे कोरले गेले, याचे आम्हाला अजूनही अप्रूप वाटते.

निस्टॅटिन काय नि हॅमायसीन काय, दोन्ही पॉलिईन गटातली. बुरशीच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते, प्राण्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल. पॉलिईनचे रेणू अर्गोस्टेरॉलला घट्ट धरतात, पटल गळू लागते आणि पेशी मरते. पण ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत आणि कातडीतून रक्तात जवळजवळ जात नाहीत. शरीराच्या आत पसरलेल्या बुरशीसाठी हा मोठाच दोष. अमेरिकेत १९६० च्या दशकात ब्लास्टोमायकोसिस या रोगावर हॅमायसीन पोटातून देऊन पाहिले गेले, पण ॲम्फोटेरिसीन-बीची जागा त्याला घेता आली नाही. तोंड आणि कान यांच्या बुरशीवर मात्र ते उपयोगी पडले. जिथे टाकावे तिथेच राहणारे औषध कानाला हवेच असते.

आता मांजराकडे येऊ. मांजराच्या कानातून तपकिरी, मेणासारखा मळ येत असेल तर त्यामागे बऱ्याचदा मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट असते. त्याची एक जात वायडमन यांनी १९२५ मध्ये एका भारतीय गेंड्याच्या कातडीवरून वर्णन केली होती. निरोगी मांजराच्या कानातही हे यीस्ट थोडे असते. ते माजते तेव्हा मागे दुसरे काही असण्याचा संभव असतो: ॲलर्जी, मधुमेह किंवा १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम आढळलेला, मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा एफआयव्ही विषाणू. कॉफीच्या चुऱ्यासारखा कोरडा मळ दिसला तर मात्र आधी माइट, म्हणजे कानातल्या खरजेच्या किड्यांचा, संशय घ्यावा. त्यांच्यावर बुरशीचे औषध काहीच करणार नाही.

प्राण्यांच्या कानाच्या मलमांत निस्टॅटिन आले, पण एकटे आले नाही. त्याच नळीत जिवाणूंसाठी निओमायसीन आणि सूज उतरण्यासाठी स्टेरॉइड घातलेले असे. धडधाकट मांजराला ही मोट सहसा चालते. आजारी मांजराच्या बाबतीत गोष्ट तेवढी सोपी नाही.

निओमायसीन हे स्ट्रेप्टोमायसीनचे भावंड. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांना मिळाले. क्षयाच्या रोग्यांवर त्याचे उपचार सुरू झाल्यावर काही वर्षांतच ध्यानात आले की काहींना चक्कर येते, काहींना ऐकू येईनासे होते. आतल्या कानातल्या ज्या केशपेशींवर तोल आणि श्रवण अवलंबून असते, त्या या औषधाने मरतात आणि सस्तन प्राण्यांत पुन्हा उगवत नाहीत. मांजराच्या तोलाला तर स्ट्रेप्टोमायसीन विशेष बाधते. पिंपरीच्या कारखान्यात १९६० च्या दशकात हे औषधही तयार होऊ लागले. म्हणजे कान बरा करणारे आणि कान बिघडवू शकणारे, अशी एकाच घराण्यातल्या जिवाणूंची दोन अपत्ये एका छपराखाली नांदत होती.

या गटातली औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात आणि मूत्रपिंडालाही इजा करतात. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार आढळतो. अशा मांजराला ही औषधे टोचली तर ती शरीरात साठत जातात. कानात टाकलेले चार थेंब रक्तात फारसे जात नाहीत हे खरे, पण पडदा फाटलेला असेल तर ते सरळ मध्यकर्णात आणि तिथून आतल्या कानापर्यंत पोचू शकतात. स्टेरॉइडचेही तसेच. कानातून शोषले गेलेले थोडे स्टेरॉइडही मधुमेही मांजराची साखर चढवू शकते. यीस्टसाठी पोटातून देण्याच्या गोळ्या यकृतावर भार टाकतात, आणि खंगलेल्या मांजराचे खाणे आधीच सुटलेले असते.

म्हणून पशुवैद्य प्रथम नळीतून कानाचा पडदा पाहतात. मग कापसाच्या बोळ्याने मळ घेऊन काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मॅलॅसेझियाच्या पेशी तिथे भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मधे चिमटलेल्या दिसतात. नुसते यीस्टच दिसले, जिवाणू नसले, तर निओमायसीनची गरजच उरत नाही. पडदा फाटला असेल तर पडद्याआड न बाधणारे तेवढेच वापरायचे. घरातल्या माणसासाठी आणलेले थेंब मांजराच्या कानात घालण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. त्या बाटलीवरची घटकांची बारीक अक्षरे आधी वाचावीत आणि बाटली पशुवैद्याकडे बरोबर न्यावी.