ढोलावर मांडलेला चहा

चार्ल्स डिकन्सची ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ ही कादंबरी १८४० आणि ४१ साली हप्त्याहप्त्याने छापली गेली. तिच्यात नेल ही पोर आणि तिचा आजा पायी भटकत असताना रस्त्याकडेला त्यांना एक गाडी दिसते. खिडक्यांना पांढरे पडदे, हिरवी झडपं, दारावर पितळी कडी. दारात मिसेस जार्ली नावाची धष्टपुष्ट बाई चहा घेत बसली आहे. या बाईचा धंदा मेणाचे पुतळे गावोगाव दाखवण्याचा. गाडीच्या आत अर्ध्या भागात जहाजातल्यासारखी झोपायची जागा, उरलेल्या अर्ध्यात स्वयंपाकघर, शेगडी आणि छतातून बाहेर काढलेलं छोटं धुराडं. नेलसाठी हळहळणारे वाचक इथून पुढे सरकतात. मी मात्र इथेच अडकलो, कारण बाईंचा चहा ज्यावर मांडला आहे तो चक्क ढोल आहे. वर पांढरा रुमाल अंथरलाय, एवढंच. आणि आत भिंतीवर शोभेला काय टांगलंय? एक ट्रायँगल आणि हाताळून झिजलेल्या दोन खंजिऱ्या.

आता आजच्या ब्रिटनमध्ये या. जुलै संपता संपता मोटारीमागे पांढरी कॅरॅव्हॅन जोडून माणसं समुद्रकाठच्या सिडमथला, पुढे ऑगस्टात व्हिटबीला लोकसंगीताच्या महोत्सवांना निघतात. आत गॅसची शेगडी, घडीचा पलंग, आणि पलंगाखाली फिडल, बँजो, मेलोडिअन. या प्रथेची वंशावळ सगळीकडे एकाच पद्धतीने सांगितली जाते : आधी जिप्सी, मग त्यांची नक्कल करणारा एक हौशी डॉक्टर, मग क्लब, मग मोटार आणि शेवटी महोत्सव. कॅरॅव्हॅन हे मुळात रानावनातलं वाहन होतं आणि संगीताच्या मैदानात ते फार उशिरा शिरलं, असा या वंशावळीचा अर्थ. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ही राहती गाडी जत्रेतच जन्मली, वाद्यांच्या शेजारी जन्मली. मधल्या काळात ती रानात जाऊन आली, एवढंच.

आधी जिप्सींचा दावा तपासू. हे लोक मूळचे आपल्याच बाजूचे. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला आजही ‘पानी’ आणि माणसाला ‘मनुश’ म्हणतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ब्रिटनमध्ये पोचले. पण त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षं त्यांचं घर म्हणजे पाल. हेझलच्या ओल्या काठ्या वाकवून दोन्ही टोकं जमिनीत रोवायची, वर घोंगड्या किंवा जाड कापड टाकायचं, आणि निघताना कापड गुंडाळून गाढवावर किंवा छकड्यात टाकायचं. जॉर्ज बॉरो जिप्सींमध्ये वावरलेला माणूस. त्याच्या १८५१ आणि १८५७ सालच्या पुस्तकांत जिप्सी तंबूतच राहताना दिसतात. रंगीत नक्षीची, सोनेरी मुलाम्याची, चित्रात हमखास दिसणारी ती जिप्सी गाडी, म्हणजे ‘वार्डो’, त्यांच्यात रुजली ती साधारण १८५० नंतर. त्या आधी दहा वर्षं मिसेस जार्ली शेगडीसकट चाकांवर राहत होत्या.

इथे प्रतिपक्ष डिकन्सलाच साक्षीला बोलावतो. मिसेस जार्लींची गाडी ‘जिप्सींची कॅरॅव्हॅन नव्हती’ असं डिकन्स त्याच प्रसंगात स्पष्ट सांगतो. मग जिप्सींच्या कॅरॅव्हॅन तेव्हा असणारच, नाहीतर तो नाकारेल कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण त्या काळच्या इंग्रजीत कॅरॅव्हॅन म्हणजे कोणतीही मोठी झाकलेली गाडी. फारसीतला कारवाँ इंग्लंडात येऊन एकट्या गाडीचं नाव झाला होता. जिप्सींकडे सामानाचे छकडे होतेच, त्यावर कापडही असे. डिकन्स जे नाकारतो ते गाडीचं जिप्सीपण. पण शेगडी, धुराडं, पलंग, कपाट या घराच्या सगळ्या खुणा तो कुणाच्या पदरात टाकतो? जत्रेतल्या बाईच्या. म्हणजे प्रतिपक्षाचा साक्षीदार उलटतपासणीत माझ्याच बाजूने बोलतो.

दुसरा दावेदार मेंढपाळ. विणीच्या हंगामात मेंढ्यांजवळ रात्र काढायला इंग्लिश मेंढपाळ चाकांची झोपडी वापरत. तिच्यात शेगडी असे, झोपायची फळीही असे. थॉमस हार्डीच्या १८७४ सालच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’मधला गेब्रिएल ओक अशाच झोपडीत धुराने गुदमरून मरता मरता वाचतो. ही झोपडी खूप जुनी आहे, हे मान्य. पण ती एका शेतातून दुसऱ्या शेतात जाई, फार तर टेकडीवर. तिची चाकं जाड आणि बसकी, रस्त्यावर मैलोन्‌मैल धावण्यासाठी केलेलीच नव्हेत. शिवाय मेंढपाळाचं खरं घर गावात असे. ज्याचं एकमेव घर गाडीत आहे आणि ज्याला पुढच्या आठवड्यात पुढच्या गावी ठरल्या तारखेला पोचायचंच आहे, असा माणूस शोधायला हवा. तो सापडतो जत्रेत. जॉर्ज वॉम्बवेलने १८१० च्या सुमारास फिरता प्राणिसंग्रह सुरू केला. त्याच्या गाड्यांची रांग गावात शिरे तेव्हा आधी बँड वाजे, मग सिंह दिसे. कळसूत्रीवाले, मेणपुतळेवाले, सर्कसवाले या सगळ्यांना गाडीत तीन गोष्टी लागत : माल, बिऱ्हाड आणि गर्दी गोळा करायला एखादं वाद्य. आपल्या तमाशाच्या फडाला ढोलकीवाल्याशिवाय जत्रेत राहुटी ठोकता येईल का? तसंच ते.

मग गाडी जत्रेवाल्यांकडून जिप्सींकडे गेली कशी? माझा तर्क सांगतो, आणि तो मला पुरेसा ठाम वाटतो. घोड्यांचे बाजार आणि जत्रा एकाच मैदानात भरत. जिप्सी तिथे घोडे विकत, फिडल वाजवत, भविष्य सांगत. शेजारीच जत्रेवाल्याची बायको चाकांवरच्या कोरड्या खोलीत स्वयंपाक करतेय आणि आपण चिखलात पाल ठोकतोय, हे किती पावसाळे बघवेल? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रस्तेही सुधारले होते, जड गाडी ओढणं परवडू लागलं होतं. पुढे जिप्सींनी स्वतःच्या पसंतीच्या गाड्या बनवून घेतल्या, पण कारागीर बहुधा जिप्सी नसत. रेडिंगच्या डंटन यांच्या कारखान्यातल्या गाड्यांना तर ‘रेडिंग’ हेच नाव पडलं. ‘बर्टन’ हा प्रकार मात्र अखेरपर्यंत जत्रेवाल्यांच्या आवडीचा राहिला. जिप्सींनी या गाडीला काय दिलं? रूप दिलं, आणि रस्त्यावरचं शहाणपण दिलं. दारातून आत शिरलं की शेगडी नेहमी डाव्या हाताला. दार पुढच्या बाजूला असतं, म्हणजे गाडी निघाली की शेगडीची ही बाजू रस्त्याच्या मध्याकडे येते. इंग्लंडात वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे धुराडं कडेच्या झाडांच्या फांद्यांत अडकत नाही.

पुढची पायरी सर्वश्रुत आहे. आरमारातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची महोगनी लाकडाची गाडी बनवून घेतली आणि १८८५ साली दोन घोडे जुंपून इंग्लंडातून थेट इन्व्हरनेस गाठलं. वजन सुमारे दोन टन. पुढे तीनचाकी सायकलवर नोकर, समोरून येणाऱ्यांना सावध करायला. या हौशी डॉक्टरांनी स्वतःला ‘जंटलमन जिप्सी’ म्हणवून घेतलं, आणि हौसेच्या कॅरॅव्हॅनची वंशावळ त्या दिवसापासून जिप्सींच्या नावावर चढली. जत्रेवाल्याचं नाव घेण्यात कसली प्रतिष्ठा? रानातला मुक्त जिप्सी कल्पनेत शोभून दिसतो, मेणपुतळेवाली बाई शोभत नाही. वंशावळीतला खरा पूर्वज गळाला तो असा.

आता गाण्याची बाजू. १८९८ साली लंडनमध्ये फोक-साँग सोसायटी निघाली. १९०३ साली सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी सेसिल शार्प यांनी जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याकडून ‘द सीड्स ऑफ लव्ह’ ऐकलं आणि गाणी गोळा करण्याचा झपाटा सुरू केला. १९०७ साली त्यांचं लोकगीतांवरचं पुस्तक आलं. त्याच १९०७ साली जे. हॅरिस स्टोन यांच्या पुढाकाराने कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला आणि स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. हा योगायोग नव्हे. दोन्ही हौशी एकाच वर्गाच्या : शहरात राहणाऱ्या, रेल्वे आणि कारखान्यांना कंटाळलेल्या, खेड्यातलं हरवत चाललेलं काही तरी हाती धरू पाहणाऱ्या. एकाने खेड्यातलं गाणं उचललं, दुसऱ्याने भटक्याचं घर. दोघांनाही तेव्हा एकमेकांची गरज भासली नाही, कारण शार्प यांचा आदर्श गायक होता गावात स्थिरावलेला शेतकरी. गाणं गाडीतून हिंडतं हे त्यांच्या सिद्धांतात बसत नव्हतं.

ते बसवलं दुसऱ्यांनी. सप्टेंबर १९१२ मध्ये हेरेफर्डशरमध्ये मंकलंडजवळ हॉप तोडणीचा हंगाम चालू होता. बिअरमध्ये घालायची ही फुलं तोडायला जिप्सींच्या टोळ्या दरसाल येत. तिथल्या लोकपरंपरेच्या अभ्यासक एला मेरी लेदर संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांना रात्री जिप्सींच्या तळावर घेऊन गेल्या आणि आल्फ्रेड प्राइस जोन्स या जिप्सीने शेकोटीजवळ ‘कोल्ड ब्लोज द विंड’ म्हटलं. मेलेल्या प्रियकराची ही जुनी कथा. पुढे १९५० च्या दशकात हॅमिश हेंडरसन यांना स्कॉटलंडात ब्लेअरगाउरीच्या रासबेरीच्या मळ्यांत असाच खजिना सापडला, तोही हंगामी तोडणीला आलेल्या भटक्यांकडून. १९६४ साली बीबीसीने यूअन मॅकॉल, पेगी सीगर आणि चार्ल्स पार्कर यांची ‘द ट्रॅव्हलिंग पीपल’ ही नभोवाणी-गाथा ऐकवली, तेव्हा भटकी माणसं आणि लोकगीत यांचं नातं घराघरात पोचलं. तोवर सिडमथचा महोत्सव सुरू झालाच होता, १९५५ साली; केंब्रिजचा पुढच्याच वर्षी, १९६५ साली सुरू झाला. मोटारीने ओढायची कॅरॅव्हॅनही १९१९ पासून बाजारात होती. सिडमथसारख्या किनाऱ्यावरच्या गावात ऐन सुट्टीत खोली मिळणं मुश्कील. तेव्हा भाडं वाचवणारी, वाद्यं कोरडी ठेवणारी आणि पहाटे दोनला पबमधून परतल्यावर घरमालकिणीला न उठवणारी गाडी लोकांनी आणली, यात नवल ते काय?

पण या मैदानात गाडी उभी करायची परवानगी कुणाला? माझ्या वंशावळीचा सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे, आणि तो संसदेच्या कायद्यात आहे. १९६० च्या कॅरॅव्हॅन कायद्याने गाड्यांच्या तळासाठी परवाना सक्तीचा केला. गावाच्या सामाईक माळावर कॅरॅव्हॅनला बंदी घालायचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात सवलती आहेत. हंगामी शेतमजुरांना सवलत. मान्यताप्राप्त क्लबांना सवलत : जास्तीत जास्त पाच गाड्यांचे छोटे तळ आणि पाच दिवसांपर्यंतचे मेळावे विनापरवाना. आणि जत्रेवाल्यांना सवलत. जिप्सींचं नाव या यादीत नव्हतं.

जत्रेवाले यादीत आले कसे? १८८९ साली कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यांनी फिरत्या घरांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक रेटलं, तेव्हा त्याच्या विरोधात जत्रेवाले एकवटले आणि त्यांनी गाडीत राहणाऱ्यांची संरक्षण संघटना काढली. तीच पुढे शोमन्स गिल्ड झाली. सत्तर वर्षांची संघटना पाठीशी असल्यावर सवलत मिळतेच. जिप्सी कौन्सिल उभी राहिली १९६६ मध्ये, म्हणजे कायदा झाल्यावर सहा वर्षांनी. नकलेची नक्कल करणारे क्लब सुटले, मूळ पुरुष जत्रेवाला सुटला आणि मधला वारस उघड्यावर पडला. आज कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लबमध्ये लोकनृत्य आणि लोकगीतांचा खास गट आहे. जिप्सींकडून उतरवून घेतलेलं गाणं सवलतीच्या तळावर निवांत म्हणता येतं. ज्यांच्याकडून उतरवलं त्यांना त्याच जिल्ह्यातल्या माळावरून हुसकावलं जातं. १९६८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर जिप्सींसाठी तळ बांधण्याची जबाबदारी टाकली खरी, पण ती १९९४ मध्ये काढून घेतली गेली.

आणि कोणत्या कायद्याने काढून घेतली? रात्री उघड्यावर मोठ्याने संगीत वाजवणाऱ्या जमावांवर बंदी आणणाऱ्या कायद्याने! संगीताच्या व्याख्येत ठेक्यांची पुनरावृत्ती आणणारा तो प्रसिद्ध कायदा हाच. त्याआधी १९७४ ते १९८४ स्टोनहेंजला दरवर्षी मोफत संगीत महोत्सव भरे. तिथे जुन्या बस, ट्रक आणि कॅरॅव्हॅनमध्येच राहणारी एक नवी भटकी जमात तयार झाली होती. १ जून १९८५ रोजी तिचा तांडा विल्टशरच्या पोलिसांनी अडवला आणि पाचशेहून अधिक जणांना पकडलं. गाडीतलं राहणं आणि मैदानातलं वाजवणं हे एकच दुखणं आहे, हे सरकारला लोकगीतांच्या अभ्यासकांपेक्षा लवकर कळलं.

माझ्या मांडणीत एक दुवा तर्काचा आहे, जत्रेवाल्यांकडून जिप्सींकडे गाडी जाण्याचा, आणि तो तर्क म्हणूनच मी मांडला आहे. ज्यांना तो पटत नसेल त्यांनी तो जरूर खोडावा. मात्र त्यासाठी १८४० पूर्वीची अशी एक ब्रिटिश गाडी दाखवावी लागेल, जिच्यात वर्षभराचं बिऱ्हाड आहे आणि जिचा जत्रेशी काही संबंध नाही. मेंढपाळाची झोपडी चालणार नाही, ती मोजून झाली. स्टेबल्सचं वाँडररच्या प्रवासावरचं पुस्तक तर मुळीच चालणार नाही, ते छापून आलं तेव्हा मिसेस जार्लींचा ढोल पंचेचाळीस वर्षांहून जुना झाला होता.