जमा-नावे ते डेबिट-क्रेडिट

रेवस म्हटले की जुन्या माणसांना रामदास बोट आठवते. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला यावयास निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या दुर्घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा विषय निराळा आहे. रेवसच्या धक्क्यावरून लाँचने मुंबईला किंवा एस.टी.ने अलिबागला जाऊन आपली मुले-मुली कॉमर्स कॉलेजात नाव घालतात आणि पहिल्याच वर्षी अकाउंट्सच्या पेपरात अडखळतात. मग घरात म्हटले जाते, "आपल्या घराण्यात हे कोणाला आले नाही, यांना कोठून येणार?" एवढ्या एका समजुतीपायी कॉलेज सोडून मिळेल त्या कामाला लागणारी मुले आपण पाहतो. ही समजूत इतिहासाला धरून नाही, हे पालकांनी व विद्यार्थी मित्रांनी ध्यानात घ्यावे.

प्रथम शब्दच पाहू. हिशेब, जमा, बाकी, रक्कम, वसूल, नफा हे शब्द मूळचे अरबी. रोजकीर्द फारसी. फडणीस हा फर्दनवीसाचा अपभ्रंश. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचण्याचे काम रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे सोपविले गेले, त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. दरबारात हे नवे शब्द चालले, बाजारात मात्र जमाखर्च तो जमाखर्चच राहिला. आपल्या काळी पाठ्यपुस्तकाने 'पुस्तपालन व लेखाकर्म' असे नाव दिले आहे, तरी मुले 'अकाउंट्स'च म्हणतात. बाजारापुढे कोशाचे फारसे चालत नाही!

रेवसहून दक्षिणेस, अलिबाग ओलांडले की चौल लागते. अरब प्रवासी मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916-17 च्या सुमारास, या बंदरात आला होता. तो त्याला सैमूर म्हणतो, आणि तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे नमूद करतो. एवढ्या वस्तीचा दर्यावरचा व्यापार तोंडी हिशेबावर चालला असेल असे मला वाटत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुराणशरीफातील सर्वांत दीर्घ आयतीत (सूरह बकरा, 282) आहे, आणि मजकूर सांगावयाचा तो ज्याच्यावर देणे आहे त्याने, हेही तेथेच आहे. हिशेबनिसाच्या दृष्टीने ही फार बारकाईची गोष्ट होय.

युरोपला अंक मिळाले तेही याच दर्यावर्दी वाटेने. पिसा शहराच्या लिओनार्दो फिबोनाचीचा बाप उत्तर आफ्रिकेतील बूजी बंदरात (आजचे अल्जीरियातील बेजाया) पिसाच्या व्यापाऱ्यांतर्फे जकातीच्या कामावर होता. तेथे हा मुलगा हिंदी अंक शिकला व 1202 मध्ये त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे 1494 मध्ये व्हेनिस येथे लुका पाचोलीचा गणितग्रंथ छापला गेला व त्यात दुहेरी नोंदीची पद्धत आली. ती पाचोलीने शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी लिहीत होते तीच त्याने नीट मांडून दाखविली.

मुंबईत ही विद्या शाळेसारखी शिकविली जाऊ लागली ती विसाव्या शतकात. 1900 मध्ये दावर कॉलेज निघाले, 1913 मध्ये सिडनहॅम कॉलेज. (याच सिडनहॅममध्ये 1918 ते 1920 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवीत.) 1918 मध्ये मुंबई सरकारने हिशेबनिसांसाठी जी.डी.ए. ही पदविका सुरू केली. 1941 मध्ये माटुंग्याचे पोदार कॉलेज निघाले आणि 1949 च्या कायद्याने चार्टर्ड अकाउंटंटची संस्था उभी राहिली. या वर्गांतून पुस्तके इंग्रजी आली आणि वहीच्या बाजूही फिरल्या. विद्यार्थ्यांची खरी अडचण येथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

देशी वहीत डावी बाजू जमेची, उजवी नावेची. जमा म्हणजे क्रेडिट, नावे म्हणजे डेबिट. इंग्रजी खातेवहीत मात्र डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट. समजा, करीमने दुकानदाराला 500 रुपये आणून दिले. देशी रोजकीर्दीत डावीकडे लिहितात, "करीमचे जमा 500." इंग्रजी कॅशबुकातही हे 500 रुपये डावीकडेच येतात, परंतु त्या बाजूचे नाव डेबिट! कारण देशी कारकून पैसे कोणाचे आले ते लिहितो, आणि इंग्रजी कॅशबुक हे पेटीचे स्वतःचे खाते असते, त्यात पेटीत काय आले ते लिहितात. करीमच्या खात्यावर दोन्ही पद्धतींत 500 रुपये जमाच पडतात. आजोबांची वही चूक नव्हती आणि प्रोफेसरांची फळ्यावरची आकृतीही चूक नाही.

बँकेच्या पासबुकाने हा घोटाळा आणखी वाढविला आहे. पैसे भरले की पासबुकात क्रेडिट, आणि वर्गात शिकवितात की रोकड आली की डेबिट. मुलगा गोंधळतो यात नवल नाही. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल असते. बँकेच्या लेखी आपण धनको आहोत, म्हणून आपले नाव जमेस.

आता दुसरी अडचण. भांडवल मालकाचे, मग ताळेबंदात ते देण्याच्या बाजूस का? याचे उत्तर रेवसच्या किनाऱ्यावरच मिळते. मासेमारीची होडी परत आली, मासळी विकली, की डिझेल व बर्फ यांचा खर्च आधी वजा होतो. उरलेल्याचे वाटे पडतात. खलाशांचे वाटे असतातच, परंतु होडीचा व जाळ्याचा वाटाही निराळा काढतात. होडी काही जेवत नाही. तरी तिला वाटा, कारण उद्या फळी बदलावी लागेल, जाळे नवे घ्यावे लागेल. पुस्तकात यालाच घसारा म्हणतात. मालक स्वतः दर्यावर गेला तर माणूस म्हणून त्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा; दोन्ही पैसे अखेर एकाच घरात गेले तरी हिशेब दोन. धंदा निराळा व धनी निराळा हे पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातील तत्त्व ते हेच.

कॉलेजात भांडवलाचा प्रश्न आला की वहीवर दुकानाऐवजी होडीचे नाव घालून पाहावे, आणि होडीला विचारावे, "बाई, धन्याने तुझ्यात घातलेल्या पैशापैकी तू त्याला किती देणे लागतेस?" ती रक्कम देण्याच्या बाजूस मांडावी. दुसऱ्या बाजूस होडी, जाळे, पेटीतील रोकड आणि मासळीवाल्याकडची येणी लिहावीत. मग बेरीज करावी.